वाट तुडवायची पाळी

कीवा समुद्राकाठची. तिच्या माहेरी बर्फ पडत नसे असं नाही, पण वारा त्याला टिकूच द्यायचा नाही. सकाळी कौलं पांढरी दिसायची आणि दुपारपर्यंत सगळं उडून लाटांत गेलेलं असायचं. त्यामुळे जपानातल्या एचिगोच्या डोंगरात होसोमिने गावी तिचं लग्न ठरलं तेव्हा आईने तिला जाड कपडे शिवून दिले, लोकरीचे मोजे दिले, आणि थंडीत जपून राहा म्हणून सांगितलं. होसोमिनेचा त्रास थंडीचा नव्हताच. आई बिचारी डोंगरात कधी गेलेली नव्हती.

भातकापणीनंतर लग्न झालं आणि पुढच्याच आठवड्यात नवरा, सेइकिची, निघून गेला. सगळेच पुरुष जायचे. दूरच्या गावी साके, म्हणजे तांदळाची दारू, गाळण्याच्या कारखान्यात हिवाळाभर काम असे. ते थेट वसंतात, नद्या भरून वाहू लागल्या की परत येत. गावात उरायच्या त्या बायका, पोरं, आणि गुडघे गेलेले म्हातारे. जाताना सेइकिची एवढंच म्हणाला, "आई सांगेल तसं कर. आणि छपराचा आवाज ऐकत जा."

छपराला कसला आवाज असतो ते कीवाला कळलं नाही. नव्या नवऱ्याला विचारायची तिला लाज वाटली.

पहिला मोठा बर्फ पडला त्या दिवशी ती जागी झाली तर घरात गुडुप्प अंधार. उठायला अवकाश आहे असं वाटून ती पुन्हा रजईत शिरली. जराशाने सासूचा आवाज आला. तोयो तिचं नाव. बाई किडकिडीत, पण आवाज असा की डोंगरापलीकडे जावा.

"अगं, झोपतेस काय? शेजारणींची दुपारच्या जेवणाची तयारी चाललीय!"

"अजून उजाडलं नाही ना, आई?"

"उजाडायचं तिकडे उजाडलं. आपण खाली आहोत. वर ये."

जिना चढून कीवा माळ्यावर गेली. तोयोने खिडकीची फळी सरकवली आणि उजेड अंगावर आला तशी कीवाने डोळे झाकून घेतले. मग बोटांच्या फटीतून पाहिलं. समोर गाव नव्हतं. काल संध्याकाळी जिथे घरं, कुंपणं, विहिरीचा रहाट, पर्सिमनचं झाड होतं, तिथे एकच एक पांढरं पठार पसरलं होतं, आणि त्या पठारातून ठिकठिकाणी धूर वर येत होता. बर्फाखाली माणसं चुली पेटवून बसली होती, भात शिजवत होती. आवाज कसलाच नाही. कीवाचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं. भीती वाटावी की हात जोडावेत, तिला सुचेना.

"बघून झालं?" तोयो म्हणाली. "मग हे घे फावडं, आणि निघ खिडकीतून."

होसोमिनेत बर्फ 'काढणं' असं कोणी म्हणत नाही, 'खणणं' म्हणतात. छपरावरचा बर्फ खाली ढकलायचा म्हटलं तर खाली जागा तर पाहिजे! पौषात भोवतालचा बर्फच छपराच्या वर गेलेला असतो. मग छपरावर उभं राहून, विहिरीतून गाळ उपसावा तसा तो वर फेकायचा. बीच झाडाच्या लाकडाचं हलकं फावडं असतं. त्याने विटांसारखे चौकोनी तुकडे कापायचे आणि लांब भिरकावायचे. आज खणलं की उद्या तितकाच. छपराचा आवाज म्हणजे काय तेही कीवाला लवकरच समजलं. आधी खोल्यांची सरकती दारं घट्ट होतात. मग तुळई म्हाताऱ्या माणसासारखी कण्हते. तिचं कण्हणं ऐकल्यावर हातातलं काम टाकून वर जायचं, मग ताटावर बसलेलं का असेना.

आणि दुसरं काम वाट तुडवायचं.

गाव आणि बाहेरचं जग यांच्यामध्ये एक खिंड आहे. खिंडीत जिझो देवाची दगडी मूर्ती. होसोमिनेने आपल्या बाजूने जिझोपर्यंत वाट तुडवायची आणि पलीकडच्या मिझुनाशी गावाने त्यांच्या बाजूने. मिझुनाशीच्या खाली आणखी गावं, आणि अगदी तळाला बाजाराचं गाव, तिथे दवाखाना. प्रत्येक गाव आपापला तुकडा सांभाळी. एक लाकडी पाटी घरोघर फिरायची. संध्याकाळी ज्याच्या दाराला पाटी, सकाळी त्याची पाळी. बर्फात रुतू नये म्हणून वेत वाकवून केलेली रुंद कान्जिकी पायाला बांधायची, डोक्यावरून पेंढ्याचं इरलं घ्यायचं, आणि निघायचं. पुढचीच्या कान्जिकीला दोऱ्या असतात. पाय बर्फात रुतला की दोरी हाताने ओढून तो वर घ्यायचा.

पहिल्याच दिवशी कीवाचा पाय वाटेबाहेर पडला आणि ती छातीपर्यंत आत गेली. हात टेकायला जावं तर हातही आत. जितकं हलावं तितकी खाली. मागून झऱ्याकडची रित्सु येत होती. झऱ्याजवळचं घर म्हणून झऱ्याकडची. वयाने कीवापेक्षा थोडी मोठी, आणि जिभेला हाड नाही.

"काय गं मासळी," रित्सु कमरेवर हात ठेवून म्हणाली, "इथे समुद्र नाही हो, पोहतेस कुठे?"

"अहो, हात द्या ना!"

"देते की. आधी मला सांग, पाय कसा टाकलास?"

"टाकला, जसा टाकतात तसा."

"तिथेच चुकलं. पाय टाकायचा नाही, ठेवायचा. आधी विचारायचं, 'बाई, खाली आहेस का?' ती 'आहे' म्हणाली की मग वजन द्यायचं." असं म्हणून तिने हातातली काठी पुढे केली आणि कीवाला मुळ्यासारखी उपटून बाहेर काढली.

'बाई' म्हणजे खालची वाट. रोज तुडवून तुडवून बर्फाचा एक कणा तयार होतो, भिंतीसारखा टणक आणि हातभरच रुंद. वर नवा बर्फ पडला की तो डोळ्यांना दिसत नाही. पायालाच लागतो. कण्यावर असलात तर घोटाभर रुतता, बाहेर पडलात तर गेलात. कीवाला पहिल्या हिवाळ्यात तो कधी लागे, कधी नाही. तिसऱ्या हिवाळ्यापर्यंत तिचे पाय इतके तयार झाले की डोळे मिटून चालावी. तोयो कौतुक करणाऱ्यांतली नव्हती. एकदा मुळ्याचं लोणचं वाढताना एवढंच म्हणाली, "आता पुढे तूच चालत जा. माझे पाय आता विसरायला लागलेत."

रित्सुने मात्र 'मासळी' म्हणणं काही सोडलं नाही. कीवाला मुलगी झाली, ती रांगायला लागली, चालायला लागली, तरी आपली मासळीच.

मग तो हिवाळा आला. त्याच्याबद्दल होसोमिनेत अजून लोक आवाज खाली आणून बोलतात. नववर्षाच्या मोची, तांदळाच्या चिकट वड्या, खाऊन झाल्या आणि बर्फ सुरू झाला, तो थांबायचंच नाव घेईना. फुलांसारखा पडणारा नव्हता हा. पीठ चाळावं तसा बारीक, सरळ, मुकाट्याने पडत राहिला. विजेच्या तारा गुडघ्याला लागू लागल्या, लोक त्या ओलांडून जात. मुखियाच्या घरचा फोन मुका झाला. टपालवाला येईनासा झाला. वाट तुडवायला गेलेल्या बायका अर्ध्यावरून परत आल्या, आणि दुसऱ्या दिवशी कोणी गेलंच नाही, कारण सगळ्यांची छपरं कण्हत होती. एकीचं खणून होईपर्यंत दुसरीचं दार बसलेलं.

अशात रित्सुच्या पोटात दुखायला लागलं. आधी तिने कोणाला सांगितलं नाही. कीवा छपरावरून हाक मारायला गेली तर ही खाली चुलीशेजारी अंगाचं मुटकुळं करून पडलेली, घामाने डबडबलेली. उजव्या कुशीला हात लावू देईना.

बायका जमल्या. गेन आजोबांनाही बोलावलं. ते तरुणपणी सैन्यात जखमींची सेवा करत. त्यांनी रित्सुचं पोट चाचपलं आणि बाजूला येऊन म्हणाले, "आतडं सुजलंय. फुटलं तर संपलं. कापायला पाहिजे, आणि ते दवाखान्यातच."

"बर्फ थांबल्यावर नेऊ," कोणीतरी म्हणालं.

"बर्फ थांबेल तोवर ते थांबेल का?"

खिंडीच्या अलीकडे उतार आहे, मोठा, उघडा. नवा बर्फ असा साचला की तो उतार केव्हाही सुटून खाली येतो. ते सगळ्यांच्या मनात होतं, पण तोंडातून कोणी काढलं नाही. आणि खिंडीच्या पलीकडे काय? तिकडचा कणा होसोमिनेच्या पायांना ठाऊक नव्हता. मिझुनाशीची वाट तुडवलेली नसेल तर जिझोपाशी पोचून करायचं काय?

तोयो एवढा वेळ कोपऱ्यात बसून होती. ती म्हणाली, "खिंडीपर्यंतचं आपलं काम. तेवढं तर करू. पुढचं पुढे." मग सुनेकडे वळली. "कीवा, तू पुढे चल."

फटफटताच त्या निघाल्या. लाकडं ओढायच्या घसरगाडीवर रजया घातल्या, चुलीत तापवलेले दगड फडक्यात गुंडाळून ठेवले, आणि त्यात रित्सुला लहान पोरासारखं बांधलं. गावात एवढं चालू शकेल अशी प्रत्येक बाई आली होती, पोरं आणि छपरं तोयोसारख्या म्हाताऱ्यांवर सोडून. कीवा सर्वांत पुढे. वर-खाली, उजवीकडे-डावीकडे एकच रंग. हात पुढे केला तर बोटं अंधुक. ती काठी खुपसायची, पाय ठेवायची, मनात विचारायची, आहेस का? आणि कमरेइतक्या मऊ बर्फाखालून कणा तळपायाला लागायचा. आहे. दर वेळी तिच्या अंगावर काटा यायचा. या कण्यात तिची स्वतःची पावलं होती, तोयोची होती, ही वाट आधी आखून कधीच मेलेल्या कुणाकुणाचीही होती, आणि मागे बांधलेल्या रित्सुचीही होती. पुढची दमली की बाजूला होऊन ओळीच्या शेवटी जाई आणि दुसरी पुढे येई. पण कणा हरवला की सगळ्या कीवालाच हाक मारत.

गाडीवरून रित्सुचा बारीक आवाज आला. "मासळी, डावीकडे जातेयस."

"गप्प पडा, झऱ्याकडच्या. तुम्ही आज पाहुण्या."

"पाहुणी असते तर चहा तरी दिला असतात. अगं आई गं... हळू ओढा, मेल्यांनो, भोपळे नाही नेत आहात!"

शिव्या देतेय तोवर बरी आहे, असं म्हणून बायका हसल्या.

उतार आला आणि हसणं थांबलं. एकेकीने जायचं, मध्ये अंतर ठेवून, आणि तोंडातून चकार शब्द काढायचा नाही. कीवा पहिली गेली. मधोमध पोचली तेव्हा पायाखालून आवाज आला, फार मोठा नाही, झोपलेल्या जनावराने श्वास सोडावा तसा, आणि तो सबंध उतार, नजर पोचत नव्हती तिथपर्यंत, बोटभर खाली बसला. कीवा तशीच उभी राहिली. तिला वाटलं, डोंगराने आपल्याला पाहिलं. आता तो काय ठरवतो ते ठरवू दे. काहीच झालं नाही. तिने पुढचं पाऊल ठेवलं. मागून एकेक करून सगळ्या आल्या. गाडी आली तेव्हा रित्सुने रजईची कड दातात धरली होती. तिच्या तोंडून हूं की चूं नाही.

खिंडीत वारा अंगाला चावत होता. जिझो बर्फाखाली कुठेतरी खोल. त्याच्या शेजारच्या बीचच्या शेंड्यावरून कळलं की पोचलो. बायका गाडीभोवती पाठ करून उभ्या राहिल्या. कीवा पलीकडे दोन पावलं गेली, काठी खुपसली. काठी मुठीपर्यंत आत गेली. सरकून पुन्हा खुपसली. पुन्हा तेच. कणा कुठे आहे, डावीकडे की उजवीकडे, तिच्या पायांना काहीच सांगता येईना. तिने मागे वळून पाहिलं नाही. सगळ्या आपल्याकडे पाहतायत हे तिला ठाऊक होतं.

आणि तेव्हा खालच्या पांढऱ्यातून कोणीतरी खोकलं.

आधी एक पेंढ्याचं इरलं वर आलं. त्यामागे दुसरं, तिसरं, मग अख्खी रांग. पुढची बाई दोऱ्या ओढत, पाय ठेवत, मान खाली घालून येत होती. कीवाच्या काठीशी येऊन थडकली तेव्हा कुठे तिने मान वर केली आणि किंचाळलीच.

"अगं बाई! माणसं की भुतं?"

"माणसं, माणसं! होसोमिनेची."

"अशा बर्फात? कोण मेलं?"

"मेलं नाही अजून," गाडीतून आवाज आला.

ती मिझुनाशीची मासुए. भुवयांवर बर्फाच्या झालरी, गाल लाल. कीवाने तिचे दोन्ही हात धरले. "तुम्हाला कसं कळलं? फोन तर बंद आहे."

"काय कळलं?"

"आम्ही येतोय ते."

"ते कुठे कळलंय! तुम्हाला बघून माझा जीव जायचा राहिला."

"मग आलात कशाला?"

मासुए तिच्याकडे बघत राहिली, जणू कीवाने काहीतरी वेड्यासारखं विचारलं होतं. "आज पाळी आमची," ती म्हणाली.

कोणी येणार नव्हतं. कोणी जाणार नव्हतं. डोंगर सुटायला टेकला होता, आणि या बायका सकाळी उठून, पोरांना सोयाच्या मिसोचं कढण पाजून, रिकाम्या खिंडीकडे वाट तुडवत आल्या होत्या. आणि पाळी एकदोघींचीच असताना बर्फ जास्त म्हणून सगळं गाव त्यांच्याबरोबर निघालं होतं. समुद्रावर कीवा वाढली होती, पहिल्या सकाळी माळ्याच्या खिडकीतून ते पांढरं पठार पाहिलं होतं, आणि आताच तो उतार तिच्या पायाखाली श्वास घेऊन गेला होता. पण एवढं मोठं काही तिने पाहिलं नव्हतं. तिने वाकून नमस्कार केला, तो किती वेळ, तिचं तिलाच कळलं नाही.

"अगं ऊठ, नमस्कार मग," मासुए म्हणाली. "द्या ती दोरी इकडे. आमचा कणा आम्हाला माहीत. खालच्या गावात निरोप पुढे जाईल, त्यांचे लोक वाटेत घ्यायला येतील. तुम्ही फिरा मागे, तुमची छपरं पडतील."

दोरी एका हातातून दुसऱ्या हातात गेली. तेव्हा रित्सुने रजईतून हात काढून कीवाची बाही पकडली. तिच्या तोंडावरची सगळी ऐट गेली होती.

"ही माणसं ओळखीची नाहीत गं."

"तुमच्यासाठी वाट तुडवत आलीत ती," कीवा म्हणाली. "आणखी काय ओळख पाहिजे?"

रित्सुने बाही सोडली. जरा खाली गेल्यावर वाऱ्यातून तिचा आवाज आला, "अहो, हळू! भोपळे नाही नेत आहात!" आणि मिझुनाशीच्या बायका हसल्या.

होसोमिनेच्या बायका खिंडीतून निघाल्या असतील नसतील, तोच अलीकडच्या बाजूने गडगडाट झाला. पाय हादरले. मग एक गार वावटळ वर आली आणि तोंडावर बर्फाची पूड उडवून गेली. खाली येऊन बघतात तर सकाळचा उतार जागेवर नव्हता. मधला सगळा बर्फ दरीत जाऊन बसला होता, वाटेतली बीचची झाडं काडीसारखी मोडलेली, आणि मागे काळी ओली माती उघडी पडलेली. पौषात माती! त्या मातीवरून एकेक करून सगळ्या चालत गेल्या. एकीने वाकून मातीला हात लावला आणि तो कपाळाला लावला.

गावात तो गडगडाट ऐकू गेला होता. कीवा घराजवळ आली तेव्हा तोयो छपरावर, फावड्याला टेकून, खिंडीकडे तोंड करून पुतळ्यासारखी उभी होती. तिच्या खांद्यांवर बर्फ साचला होता. म्हणजे बराच वेळ ती हललीही नव्हती. कीवा दिसली तशी तिने पाठ फिरवली आणि घाईघाईने खणायला लागली.

"भात गार झाला," ती वरूनच म्हणाली. तिचा तो डोंगरापलीकडे जाणारा आवाज त्या दिवशी छपराखालीही नीट पोचला नाही.

पुढे बातमी आली ती वाटेनेच. दुसऱ्या सकाळी जिझोपाशी मिझुनाशीच्या बाईने सांगितलं, "पोचली." त्यापुढच्या सकाळी, "पोट कापलं." मग एक दिवस काहीच नाही, आणि त्या दिवशी होसोमिनेत कोणाच्या घशाखाली घास उतरला नाही. त्यानंतरच्या सकाळी वाट तुडवून आलेल्या बायका गावाच्या टोकापासूनच ओरडत आल्या, "शिव्या देतेय! दवाखान्यातल्या बायकांना शिव्या देतेय!" लोक खिडक्यांतून बाहेर आले. गेन आजोबांनी लग्नकार्यासाठी राखलेला साकेचा बुधला फोडला.

रित्सु परतली ती वसंतात. सकाळचा बर्फ तेव्हा कडक असतो, वाटेची गरजच नाही, शेतांवरून, कुंपणांवरून, कुठूनही चालत जावं. ती खिंडीतून सरळ उन्हात उतरत आली, बारीक झालेली, हातात रानात बर्फ फोडून आलेल्या कोवळ्या कळ्यांची जुडी. कीवाच्या दारात उभी राहिली. काहीतरी बोलायचं ठरवून आली असावी, पण ते आठवेना, किंवा जमेना.

"कीवा," ती म्हणाली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा नावाने. मग घसा खाकरून, "या मिसोत परतून खा. कडू लागतात. पण बऱ्या असतात."

पुढे रुंद रस्ता झाला, आणि एका हिवाळ्यात बर्फ कापणारं मोठं यंत्र खिंड चढून आलं. जुन्या वाटेसाठी माणसं हळहळतील असं शहरातल्यांना वाटतं. होसोमिनेच्या बायकांनी टाळ्या वाजवल्या. कीवा आणि रित्सु मुद्दाम खिंडीपर्यंत बघायला गेल्या. यंत्र घरघरत बर्फ गिळत होतं आणि त्याची कमान करून आभाळात उडवत होतं, आणि कमानीत ऊन शिरलं की सात रंग दिसत होते. दोघी तोंड उघडं टाकून उभ्या. यंत्रावरच्या माणसाने हात हलवून बाजूला व्हा म्हणून खूण केली, तरी त्यांचे पाय निघेनात.

"ह्याची पाळी रोज असते का गं?" रित्सुने विचारलं.

"असेल."

"मग ह्याला कोणीतरी चहा द्यायला पाहिजे," रित्सु म्हणाली, आणि दोघी किटली आणायला घराकडे वळल्या.